सातवं कलम

आई गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, जळगावला माझ्याकडे राहायला आले आणि धरणगावचं घर एका शिक्षिकेला भाड्याने द्यायचं ठरलं. करारनामा मीच तयार केला. खरं तर ऑफिसातल्या एकाचा जुना करार उतरवून काढला आणि नाव, पत्ता, भाडं तेवढं बदललं. आबा मात्र दोन दिवस तो कागद घेऊन बसले. प्रत्येक कलमाचा अर्थ विचारायचे. शेवटी माझं डोकं फिरलं. "आबा, हे कोणी वाचत नसतं. अकरा महिन्यांचा कागद आहे, करा सही!" त्यांनी मुकाट्याने सही केली.

आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही गावी काकांकडे गेलो. जेवणं झाल्यावर आबा दिसेनात, म्हणून मी आमच्या घराकडे गेलो. ते बाहेर ओट्यावर उन्हात बसले होते. दारात उभी राहून शिक्षिका विनवत होती, "तुमचंच घर आहे आबा, आत या ना."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"सातवं कलम," ते म्हणाले. "मालकानं एक दिवस आधी कळवल्याशिवाय घरात यायचं नाही. तुझ्यासमोरच मी सही करेल शे."

उघड्या दारातून आईची खाट दिसत होती. आबा तिच्याकडे बघत तिथेच बसून राहिले.

त्या करारावर साक्षीदार म्हणून माझीच सही होती.