मशीनची आंघोळ

माझी धाकटी बहीण एक्स्कॅव्हेटर, म्हणजे माती खणायचं मोठं मशीन, दुरुस्त करते आणि तिचा नवरा ते चालवतो. परवा मी त्यांचा डबा घेऊन कामावर गेलो, तर मशीन सुरू करताच ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. मेहुण्यांनी झटकन इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा पार उतरला. इंजिन खोलावं लागलं तर मशीन वर्कशॉपला जाणार आणि ते घरी बसणार.

मला यातलं फार कळत नाही, पण बहीण दिव्याच्या सांगण्यावर एकदम विश्वास ठेवत नाही, एवढं ठाऊक आहे. तिने ऑइल पुरेसं असल्याचं पाहिलं, सेन्सर काढला आणि त्याच्या जागी ऑइलचा दाब मोजणारा काट्याचा गेज बसवला.

"अहो, करा चालू."

काटा सरसर चढला आणि जिथे हवा तिथे थांबला.

"इंजिन ठणठणीत आहे," ती म्हणाली. मग तिने सेन्सरच्या वायरीचं टोक झटकलं, तर आतून पाणी ठिबकलं. "काल मशीन धुतलंत?"

"जरासं. धूळ बसली होती गं."

"जरासं? दादा, माझ्यासाठी यांनी कधी पाणी तापवलं नाही, आणि हिला फवाऱ्याने आंघोळ!"

टोक सुकवून, सेन्सर परत बसवल्यावर दिवा विझला. मेहुणे केबिनमध्ये चढले आणि मशीनचा लांब हात बहिणीपुढे वाकवून त्यांनी चक्क नमस्कार घातला.

"पुरे!" ती ओरडली, पण हसू काही लपलं नाही.