चेंबरच्या काठावरचा चहा

भालेराव साहेबांच्या आधी त्यांचा बांबू पेठेत शिरायचा. बांबूचं टोक माझ्या दुकानासमोर आलेलं असायचं आणि साहेब अजून स्टेशनच्या वळणावर फटफटीचा हॉर्न वाजवत असायचे. मी वाढवून सांगतो अशी माझी बदनामी आहे. बरं, पंधरा फूट धरा, फटफटीला लांबीनं बांधलेला. टोकाला लोखंडी आकडा, आकड्याखाली लाल फडकं. ते फडकं दिसलं की आमच्या गॅरेजवाल्याचा काळ्या तेलाचा डबा असा गायब व्हायचा, की पुढं आठ दिवस त्याचा त्यालाही सापडायचा नाही.

साहेब परभणीच्या महापालिकेत मलनिःसारणाचे निरीक्षक. हॉटेलांचं, गॅरेजांचं, आमच्यासारख्या खवा-पनीरवाल्यांचं सांडपाणी भुयारी गटारात सोडायचं तर ते आधी निवळून, तेल-तूप काढून, आंबटपणा मारून सोडलंय का, हे बघणं त्यांचं काम. बाटलीत नमुना भरून तपासणीला जायचाच. पण साहेबांची खरी परीक्षा वेगळी होती. ते चहा मागायचे. तुमचं पाणी जिथं सरकारी गटाराला मिळतं, त्या चेंबरचं झाकण ते लांबूनच आकड्यानं सरकवायचे, वाऱ्याकडं पाठ करून थोडा वेळ उभे राहायचे, आणि मग काठावर दोन स्टुलं मांडायला लावायचे. एकावर साहेब, दुसऱ्यावर मालक.

"घ्या शेट. सावकाश घ्या. तुमचंच पाणी हाय."

कप रिकामा झाला तर परवान्यावर सही, अर्ध्यात उठलात तर नोटीस. एका हॉटेलवाल्यानं नाकाला अत्तराचा रुमाल लावला, तर साहेब म्हणाले, "रुमाल काढा. खाली गटार तुंबलं तर ज्याला बोलवतेत त्याला अत्तर कोण देतंय?"

मी या चहाला लय भ्यायचो. वालूरकडून रोज दूध यायचं, त्याचं पनीर व्हायचं, आणि पनीर दाबून निघालेली निवळी मी सरळ गटारात सोडायचो. ती तिथं कुजायची. वास असा, की देवगाव फाट्यावर एसटीत झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि "आली का परभणी?" विचारायचा. साहेबांनी निवळीसाठी टाकी बांधायला सांगितली होती. मी आठ महिने बांधत होतो. तोंडानं. कधी गवंडी सासुरवाडीला गेला, कधी त्याची सासू वारली. एकाच गवंड्याच्या चार सासवा मी मारल्या. चौथ्या वेळी साहेब शांतपणे म्हणाले, "सोमवारी चहाला येतो. गवंड्याला दुखवटा सांगा."

सोमवारी सकाळी मला एक अक्कल सुचली. वास मारून टाकायचा. दुकानामागं बोळ आहे, एका बाजूनं बंद, तिथंच आमचं चेंबर. मी संडास घासायच्या ॲसिडच्या चार बाटल्या त्यात ओतल्या. तरी वास येतच होता. आमचे भट्टीवाले रशीदभाई, वीस वर्षं माझ्याकडं, म्हणाले, "शेट, ब्लीचिंग पावडर पडी है गोणीभर. डालू क्या?"

दोन्ही सफाईच्याच वस्तू. मी म्हणालो, "सगळी टाका." आणि बोळाच्या तोंडाशी स्टुलं पुसायला आलो.

तेवढ्यात समोर बांबू दिसला. आज पहिल्यांदाच तो मधेच थांबला. साहेबांनी वीस पावलांवर फटफटी उभी केली, मान वर केली आणि पेठ हादरेल असे ओरडले, "आत कोण हाय?"

मी वळून पाहिलं. चेंबरमधून हिरवट-पिवळा धूर निघत होता. वर जात नव्हता, जमिनीवर सांडलेल्या दुधासारखा बोळात पसरत होता. त्यात रशीदभाई गुडघ्यावर होते. ते खोकत नव्हते, खोकायचा प्रयत्न करत होते. मग आडवे झाले.

इथं मी काही वाढवून सांगत नाही.

मी धावलो आणि मानेला फास बसला. साहेबांनी मागून कॉलर धरली होती.

"मरायला चाललाव का?"

"साहेब, रशीदभाई आत हायत!"

"म्हणूनच तुमी जायचं न्हाई. काय टाकलंय?"

"ॲसिड... आन् ब्लीचिंग..."

"दोन्ही मिळून विषारी वायू होतो," म्हणत साहेब फटफटीकडं धावले. त्यांनी बांबूची दोरी सोडली. बांबू बोळात सरकला. आकडा पहिल्यांदा लुंगीत अडकला, आणि साहेबांनी ओढली तशी नुसती लुंगीच बाहेर आली. एरवी पेठ महिनाभर हसली असती. कोणी हसलं नाही. आकडा परत आत गेला. रशीदभाईंचे पाय हलायचे थांबले होते. माझे डोळे भाजत होते, दिसेनासं झालं होतं, आणि कानावर साहेबांचा आवाज येत होता, "धर की रे बाबा, धर की." ते आकड्याशी बोलत होते.

आकडा एप्रनच्या गाठीत बसला. आम्ही दोघांनी ओढलं.

दवाखान्यात रशीदभाईंच्या नाकाला नळी लावली होती. साहेब बाकावर माझ्याशेजारी बसून होते. संध्याकाळी म्हणाले, "माझा थोरला भाऊ असाच गेला. गटारात एक जण पडला, त्याला काढायला हा उतरला. दोगंबी आले न्हाईत. तवा बांबू न्हवता कुणाकडं." मग खिशातून कागद काढून तिथंच मांडीवर माझी नोटीस लिहिली. टाकी होईपर्यंत जोडणी बंद. "भ्यालाव का?"

"लय."

"मंग आता टाकी होतीय."

रशीदभाई वाचले, पण त्यांचा आवाज त्या बोळातच राहिला. आता ते घासल्यासारखं बोलतात. टाकी झाली. निवळी तिच्यात थांबते, चुना खाते, मगच गटाराला लागते. पहिला चहा मी चेंबरच्या काठावर कप दोन हातांनी धरून प्यालो. साहेब म्हणाले, "साखर जास्त हाय." आणि सही केली.

निवृत्तीच्या दिवशी ते बांबू माझ्या बोळात टेकवून गेले. "सरकारी न्हाई, माझा हाय. कामाला कधी येऊ नये, तरी ठिवा. जयभीम." वर्ष व्हायच्या आत ते घरीच, झोपेत गेले.

परवा नवे निरीक्षक आले. चांगला, शिकलेला तरुण माणूस. कागद चाळले, गल्ल्यापाशी उभ्यानंच पेन काढलं.

"सगळं बरोबर आहे तुमचं. कुठं सही करू?"

मी कागद ओढून घेतला.

"इथं न्हाई, साहेब. मागं चला. चहा घ्यायचा हाय."

"अहो, गरज नाही त्याची."

रशीदभाईंनी आधीच दोन स्टुलं उचलली होती. ते बोळाच्या तोंडाशी थांबले, वाऱ्याकडं पाठ केली, आणि घासक्या आवाजात म्हणाले, "ढक्कन मैं खोलता. तुम दोनों दूर ठहरो." आणि हात लांब करून त्यांनी भिंतीला टेकवलेला भालेराव साहेबांचा बांबू उचलला.