पंचवीसची पाटी

शुभदाच्या नवऱ्याचा, अविनाशचा फोन आला तेव्हा मी टोकियोतल्या फुनाबोरी स्टेशनच्या फलाटावर उभी होते. गाडी आत शिरत होती. इथे गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, म्हणून ती सोडून दिली आणि बाकावर बसले. "गेली गं," एवढंच तो म्हणाला. पुढची गाडी आली, तीही मी सोडली. आपल्या बायकोचा आजार किती पुढे गेलाय हे त्यानं आमच्यापासून लपवलं नव्हतं. तरीही मी मनातल्या मनात शुभदाशी भांडत बसले, कारण आदल्या रविवारीच तिनं मला हॉस्पिटलच्या खाटेवरून फर्मावलं होतं, "पुढच्या खेपेला लसणीची चटणी आण. इथलं जेवण म्हणजे नुसती शिक्षा आहे." चटणी कुटून ठेवली होती. ती अजून माझ्या फ्रीजमध्ये आहे... कुणाला द्यावीशी वाटत नाही.

शुभदा कोल्हापूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या आम्हा बायकांमध्ये ती पहिल्याच दिवशी उठून दिसली, ती आवाजामुळे. रागावली की "मी जातो बघ" म्हणायची, तिकडच्या पोरी म्हणतात तसं, आणि जायची मात्र कधीच नाही. कॉलेजात ती रायफल नेमबाजी करायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मुलं शाळेत जायला लागल्यावर आम्ही सगळ्याच अर्धवेळ काम, म्हणजे इथल्या भाषेत बाइतो, शोधू लागलो. कुणी डबे भरायला गेली, मी एका पाळणाघरात लागले. आणि या बाईनं ओजिमा भागात चक्क बंदुकांचं दुकान शोधून काढलं! "टोकियोत बंदुका विकतात?" मी विचारलं. "विकतात की. पण मिळत नाहीत," ती म्हणाली.

म्हणजे काय ते मला पुढे तिच्याकडूनच कळलं. शिकारीसाठी किंवा नेमबाजीसाठी बंदूक हवी असेल तर इथे पोलिसांचा वर्ग करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, डॉक्टरचा दाखला लागतो. पोलीस घरच्यांना विचारतात, कधी शेजाऱ्यांनाही... हा माणूस कसा आहे, घरात भांडणं होतात का. पण त्याआधी दुकानदारानं लिहून द्यावं लागतं की अमुक बंदूक मी या माणसाला द्यायला तयार आहे. दुकानाचे मालक मोरिता-सान, सान म्हणजे इथलं 'जी', तेव्हा सत्तरीचे, मितभाषी. काचेच्या कपाटातल्या बंदुका फक्त त्यांनीच काढून दाखवायच्या, शुभदानं हात लावायचा नाही. फोन घ्यायचा, गल्ला सांभाळायचा, चहा द्यायचा. तिनं त्यात आपलं एक काम घुसडलं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला बसवायचं आणि विचारायचं, "जेवलात का? झोप लागते ना नीट?" आधी मोरिता-सान अवघडून जायचे. मग बहुतेक त्यांना आवडायला लागलं.

असाच एक तरुण गिऱ्हाईक आला होता, एकवीस वर्षांचा. अदबशीर, नीटनेटका. परवाना मिळाल्यावर मिठाईचा खोका घेऊन आभार मानायला आला. काही महिन्यांनी पोलीस दुकानात आले. त्यानं ती बंदूक स्वतःवरच चालवली होती. शुभदा त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून होती. "कागद सगळे बरोबर होते गं. मी त्याला जेवलास का विचारलं, हो म्हणाला. झोप लागते का, हो म्हणाला. त्या वयात सगळ्याला हो म्हणतात..." तेव्हा तिला पहिल्यांदा इतकं हळू बोलताना ऐकलं.

मग तिनं मोरिता-सानच्या मागे लकडा लावला. कायदा वयाची अट वीस म्हणतो, आपण दुकानापुरतं पंचवीस म्हणू. मोरिता-सानही काही चुकीचं बोलत नव्हते. गावाकडची शेतं रानडुकरं नासवतात, शिकारी सगळे म्हातारे झालेत, तरुणांना परत पाठवलं तर बंदूक धरणार कोण? शिवाय चाळिशीतला माणूस खचत नाही असं थोडंच आहे? शुभदा हे सगळं कबूलही करायची. "मी नको म्हणत नाही, थांब म्हणतेय," एवढंच तिचं पालुपद. मला स्वतःला तेव्हा मोरिता-सानचंच पटायचं, आणि आजही पूर्ण उलगडा झालाय असं नाही. एके दिवशी त्यांनी तिच्यापुढे कोरी पाटी आणि ब्रश ठेवला. त्यांचं अक्षर सुंदर, पण म्हणाले, नियम तुमचा, तुम्हीच लिहा. पंचवीस वर्षांखालील ग्राहकांना बंदूक दिली जाणार नाही, क्षमस्व. तिची ती उजवीकडे कललेली जपानी अक्षरं दुकानाच्या काउंटरवर बसली, ती आजही तिथेच आहेत.

आणि मग त्या पाटीसमोर रेवा येऊन उभी राहिली. शुभदाची एकुलती एक मुलगी, क्योतोला विद्यापीठात शिकणारी. तिथल्या क्लबात तिला हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायची गोडी लागली होती. विशी पूर्ण होताच ती सुट्टीत आली, आईच्याच दुकानातली एक बंदूक पसंत केली आणि आईकडे बघितलं. शुभदानं पाटीकडे बोट दाखवलं. त्या आठवड्यात त्यांच्या घरात जे रामायण झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आई मराठीत ओरडायची, मुलगी जपानीत. "मला लग्न करता येतं, दारू पिता येते, कायदाही हो म्हणतो. मग तू कोण?" शुभदा म्हणाली, "मी दुकानात असते ती." शेवटी रेवानं क्योतोतल्या दुसऱ्या दुकानाचं संमतिपत्र मिळवलं आणि अर्ज केला.

तिकडून पोलिसांचा फोन आला तेव्हा योगायोगानं मी शुभदाकडेच चहाला बसले होते. आपल्याकडे परक्या माणसासमोर स्वतःच्या लेकराचं कौतुक करायची पद्धत नाही, कुणी तोंडभरून केलं तरी आपण लगेच एखादी खोड सांगतो. मुलगी कशी आहे असं विचारल्यावर शुभदा अस्खलित जपानीत सांगत गेली, "हट्टी आहे हो. राग तर नाकावर. भांडणं? होतात की, या महिन्यात तर रोज." पलीकडे तो बिचारा लिहून घेत असणार. मी हातवारे करत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. फोन ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं लगेच उलटा फोन लावून सगळं सावरायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. अर्ज अडकला आणि रेवानं तो मागे घेतला.

रेवानं मनाशी धरलं की आईनं हे मुद्दाम केलं. शुभदानं मात्र मला पुढे किती वेळा विचारलं असेल, "मी सवयीनं बोलले का गं? की मुद्दाम?" मी म्हणायचे, सवयीनं. ती मान हलवायची, पण पटलेलं नसायचं. आजारपणात रेवा क्योतोहून येत राहिली, आईचे पाय चेपले, केस गळल्यावर टोपी विणून आणली. त्या फोनचा विषय दोघींनीही काढला नाही... मला तेच फार लागतं.

गेल्या आठवड्यात रेवा आणि मी शुभदाच्या वस्तू आणायला दुकानात गेलो. एक स्वेटर, बसायची उशी, निळ्या काठाचा चहाचा कप. मोरिता-साननी सगळं कापडात बांधून ठेवलं होतं. कप तेवढा काढून त्यांनी रेवाला त्यातच चहा दिला. चहा पिता पिता तिची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. चार वर्षांपूर्वी पसंत केलेली ती बंदूक तिथेच होती. दस्त्याला चिठ्ठी बांधलेली, 'राखीव'. अक्षरं उजवीकडे कललेली.

"कुणासाठी?" रेवानं विचारलं.

"तुमच्यासाठी," मोरिता-सान म्हणाले. "तुम्ही भांडून गेलात त्याच दिवशी शुभदा-साननी ती बांधली. पंचवीसपर्यंत कुणाला विकायची नाही म्हणाल्या. मी विचारलं, तोवर मुलीचं मन बदललं तर? म्हणाल्या, माझी मुलगी आहे, बदलणार नाही."

रेवानं कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून, शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "मावशी, आईनं फोनवर मुद्दाम सांगितलं होतं का?"

"मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं. पण आयुष्यभर स्वतःला विचारत राहिली."

तिनं डोळे पुसले. येत्या मार्चमध्ये तिला पंचवीस पूर्ण होतील. "मी तेव्हा येईन. बाबांना विचारतील, तुम्हालाही विचारतील पोलीस. तेव्हा आई बोलली होती तेच सांगा."

"हट्टी आहे म्हणून?"

"हो. आणि राग नाकावर." ती रडता रडता हसली. "नंतर काय ते मी बघते."

उशी आणि स्वेटर तिनं पिशवीत भरला. कप तेवढा आतल्या नळावर धुतला, पुसला आणि काउंटरमागच्या फळीवर, जिथे तो रोज असायचा, तिथेच परत ठेवला.