पीटीचे सर आणि फक्कीचे गोल

चिखलीत रागावण्याचा हक्क एकाच माणसाला आहे, बाकीच्यांनी फक्त ऐकून घ्यायचं असतं, आणि दुर्दैवानं हा माणूस माझा साडू आहे. साडू व्हायच्या आधी ते माझे पीटीचे सर होते. आठवीत असताना माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून त्यांनी मला भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. पुढे माझं लग्न ठरायच्या बैठकीत मुलीकडचे थोरले जावई म्हणून समोर हेच बसलेले. माझ्याकडे पाहून सासऱ्यांना म्हणाले, "पोरगा चांगला हाये, पन उभा राहाताना खांदे पाडते." तरी लग्न झालं. आता मी पन्नाशी ओलांडली आहे, कचेरीत दोन माणसं मला साहेब म्हणतात, पण हे गृहस्थ समोर दिसले की माझे खांदे आपोआप वर जातात. त्यांना साडूभाऊ म्हणायचा धीर मला कधी झाला नाही. मी 'सर' म्हणतो आणि ते मला 'बे' म्हणतात.

सरांना राग कशाचाही येतो. हॉटेलातले चहाचे कप लहान होत चाललेत याचा येतो, टीव्हीवरची बातम्या देणारी मुलगी श्वास न घेता बोलते याचा येतो, पंखा फिरताना आवाज करतो याचा येतो आणि आवाज थांबला तर तो का थांबला याचाही येतो. स्टँडवर तिरपी लावलेली एसटी त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरू न देता सरळ लावायला लावली आहे, आणि गंमत म्हणजे त्यानं ती मुकाट्यानं लावली, कारण तोही त्यांचाच विद्यार्थी निघाला. पण सगळ्यात मोठा राग वेळ न पाळणाऱ्यांचा. पत्रिकेत जो मुहूर्त छापला असेल त्या मिनिटाला सर मांडवात हजर असतात. नवरदेव तेव्हा पारावर नाचत असतो, नवरी अजून तयार होत असते, आचारी भाजी हलवत असतो. सर रिकाम्या स्टेजसमोर उभे राहतात, तोंडानं मंगलाष्टक पुटपुटतात, अक्षता टाकतात आणि न जेवता घरी निघून जातात.

हे त्यांनी सख्ख्या बहिणीच्या नातीच्या लग्नातही केलं. सरांची थोरली बहीण, अक्का, उंद्रीच्या पुढच्या एका खेड्यात राहते. नवरा कधीच गेला, मुलं नोकरीसाठी सुरतेला, घरात ती आणि एक म्हैस. आपल्या दारात लग्न आणि आपला भाऊ रिकाम्या स्टेजवर अक्षता फेकून उपाशी निघून गेला, हे तिला फार लागलं. तिनं निरोप पाठवला की आता माझ्या तेराव्यालाच ये, आणि तेही वेळेवर ये. सरांना त्या निरोपाचाही राग आला. भाऊबहिणीचं बोलणं बंद झालं ते झालंच. माझी मेव्हणी तेवढी नवऱ्याच्या नकळत अक्काला फोन करायची.

मग करोना आला. आपल्याकडे तो यायच्या आधी फोनवर त्याचा खोकला आला. कोणालाही फोन लावला की आधी कोणीतरी खोकायचं आणि मग सूचना सुरू व्हायची. सरांना पहिले काही दिवस हा खोकला समोरच्याचाच वाटत होता. मला फोन लावून म्हणाले, "आधी पुरतं खोकून घे, मंग बोल." मी म्हटलं, सर, तो मी नाही. "तुह्या फोनमंदून येऊन राह्यला ना आवाज? मंग तूच." दुसऱ्या दिवशी मेव्हणी काढा घेऊन दारात उभी. मी तो प्यायलो. सरांशी वाद घालण्यापेक्षा काढा पिणं सोपं होतं.

देश बंद होणार असं टीव्हीवर सांगितलं आणि अख्खी चिखली किराणा दुकानांवर तुटून पडली. ज्या घरात महिनाभर एक मिठाची पुडी पुरते, तिथला माणूस मिठाची गोणी खांद्यावर टाकून निघाला होता. एकजण साबण नेत होता, किती नेतोय हे बहुधा त्यालाही माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या दुकानासमोर इतकी रेटारेटी झाली की दुकानदार काउंटरवर चढून बसला. एक म्हातारी पावशेर चहापत्ती मागत होती, तिचा आवाज कोणापर्यंत पोचत नव्हता. हे सगळं सर आपल्या ओट्यावरून बघत होते. ते आत गेले. मेव्हणीला वाटलं, रक्तदाबाची गोळी घ्यायला गेले. बाहेर आले ते गळ्यात शिट्टी अडकवून आणि बगलेत फक्कीचं पोतं घेऊन. मैदानावर खो-खोच्या रेषा आखायला जी पांढरी पूड लागते ती फक्की. निवृत्तीच्या वेळी ते पोतं का घरी आणलं, हे त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.

शिट्टी वाजली आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, सारी गर्दी जागच्या जागी थांबली. त्यातल्या निम्म्या लोकांच्या पायांना ती शिट्टी लहानपणापासून माहीत होती. सरांनी रस्त्यावर फक्कीचे गोल काढायला सुरुवात केली. सरकारनं अंतर राखायला सांगितलं होतं खरं, पण चौकोन काढा की गोल काढा हे अजून कोणी ठरवलं नव्हतं. आमच्या गल्लीत ते सरांनी ठरवलं. "एका गोलात एक मानूस. हात समोर. ज्याचा हात पुढच्याले लागला तो मांगं जाईन." मिठाच्या गोणीवाला, डॉक्टर, पोलिसपाटलाचा भाचा, सगळे हात पुढे करून उभे राहिले. दुकानदाराला त्यांनी बजावलं, "एका घराले आठवड्यापुरतं देशीन. जास्ती मांगन त्याले माह्याकडे पाठव." म्हातारीला पहिल्या गोलात उभं केलं.

इथवर सगळं कौतुकाचं होतं. पण त्या रांगेत मीही होतो. पुण्याहून मुलगी घरी येणार होती, तिच्या दोन मैत्रिणीही येतील असं वाटत होतं, आणि बायकोनं बजावून पाठवलं होतं की साखर, तेल, डाळ जरा जास्तच आण. दुकानदारानं माझ्या पिशव्या आधीच भरून ठेवल्या होत्या. मी त्या उचलल्या आणि शिट्टी वाजली. सर माझ्यासमोर उभे. "काय बे, घरी लगन हाये काय?" मी हळू आवाजात मुलीचं सांगितलं. ते हळू बोलत नाहीत. "तुह्या पोरीले डायबेटिस करून सोडतं काय? ठेव मांगं." साऱ्या गल्लीसमोर, माझ्या कचेरीतल्या शिपायासमोर, मला पिशवी उघडून सामान काउंटरवर परत मांडायला लावलं. "मांगच्या लोकायले काय ठेवलं तू?" हे त्यांचं शेवटचं वाक्य. मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, तुझ्या बहिणीचा नवरा या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मला आजही त्या प्रसंगाचा राग येतो आणि तो यायलाच हवा असं माझं मत आहे. नियम सांगायला माणसाला घरी बोलावता येतं.

काही दिवसांनी सकाळीच हेच सर माझ्या दारात, तोंडाला पंचा बांधून, हातात एक फुगलेली थैली. "गाडी काढ." मी म्हणालो, कुठं? ते जाऊन गाडीच्या दाराशी उभे राहिले. मग पाठोपाठ आलेल्या मेव्हणीनं सांगितलं. जीपा बंद, एसटी बंद, अक्काच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या, आणि फोनवर अक्काचा आवाज तिला बरा वाटला नव्हता. तिनं भीतभीत हे नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच कुठंतरी जाऊन आले आणि तिसऱ्या दिवशी उजाडताच माझ्याकडे आले. मी गाडी काढली. राग होताच, पण गोळ्यांचा प्रश्न होता.

नाक्यावरच्या हवालदारानं सरांना ओळखलं आणि सलाम ठोकून सोडलं. खेड्याच्या तोंडाशी मात्र रस्त्यावर बाभळीचे काटे टाकून वाट बंद केलेली. पलीकडे तीनचार जवान माणसं रुमाल बांधून बसलेली. त्यातला एक उठून उभा राहिला. "नमस्कार सर. पन आत येता येनार नाई. बाहेरचा मानूस घ्यायचा नाई असं गावानं ठरवलं."

"मी बाहेरचा?" सर म्हणाले. "माह्या बहिनीचं गाव हाये हे."

"तुमी चिखलीवरून आले ना सर. नेम सगळ्यायले सारखा हाये."

मी वाट पाहत होतो की आता आकाश कोसळेल. पण सर दोन पावलं मागे सरकले. नियम त्यांच्या स्वतःच्या आड कधी आला नव्हता, त्यामुळे अशा वेळी काय बोलायचं हे त्यांना ठाऊक नसावं. तो तरुणच मग म्हणाला, "आजीले बलावून आनतो."

अक्का काठी टेकत आली आणि काट्यांच्या पलीकडे दूर उभी राहिली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे जे बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागणार होतं. आधी तीच म्हणाली, "कोनाच्या लग्नाले आला?"

"गोळ्या आनल्या, अक्का."

"आं?"

"गोळ्या आनल्या."

"मुहूर्त टळला नाई ना?"

सरांनी पंचा खाली ओढला. माझ्याकडे पाहिलं, त्या माणसांकडे पाहिलं, आणि मैदानावर देतात तसा आवाज लावून म्हणाले, "चुकलं माह्यं."

"आं? काय म्हनते हा?"

"चुकलं म्हनतो माह्यं, अक्का."

दोनचार घरांची दारं उघडली. त्या तरुणानं अक्काच्या जवळ जाऊन सांगितलं, "आजी, सर म्हनते त्यायचं चुकलं." अक्का म्हणाली, "मले पयल्या खेपेलेच आलं ऐकू. गावाले ऐकू जाऊ दे म्हनलं." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

थैली काठीनं काट्यांवरून पलीकडे सरकवली गेली. अक्कानं ती तिथंच उघडली. गोळ्या होत्या, आणि त्याखाली साखर, चहापत्ती, साबण, डाळ, तेलाच्या पिशव्या, पुन्हा साखर. एवढं आमच्या गल्लीतल्या दुकानातून आलं नव्हतं. हे महाशय गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं त्यांचा विद्यार्थी नव्हता अशा दुकानात जाऊन भरून आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या बाभळीकडे पाहत होते.

"एवढं कशाले आनलं?" अक्का ओरडली. "म्या एकटीनं खायाचं का दुकान टाकायचं?"

"राहू दे. लागते."

"अन् बाकीच्या लोकायले काय ठेवलं तुनं?"

केवळ हे वाक्य ऐकायला मी एवढ्या लांब गाडी चालवत आलो असतो तरी मला चाललं असतं. अक्कानं गोळ्या आणि थोडी चहासाखर ठेवून घेतली, बाकीचं त्या तरुणांच्या हवाली केलं. गावच्या शाळेत परप्रांतातले काही मजूर अडकून पडले होते, त्यांच्यासाठी. मग ती बाभळीच्या सावलीत बसली, इकडे सर धुळीत बसले, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं एकमेकांवर ओरडत राहिली. तू वाळला, तू जेवत नाई, म्हैस व्याली का, पोरायचा फोन येते का. ऐकणाऱ्याला वाटलं असतं भांडण चाललंय. परतताना सर मागे बसले होते. चिखली जवळ आली तेव्हा म्हणाले, "पन बे, ते लगन उशिराच लागलं होतं."

पावसाळ्यात काटे निघाले. सर दर आठवड्याला अक्काकडे जाऊ लागले. दोघांचं भांडण असं काही जमायचं की अक्काच्या गल्लीतले लोक ओट्यावर येऊन बसत. पुढे एका हिवाळ्यात अक्का झोपेतच गेली, आजारपण असं काही झालं नाही. तेराव्याला सर वेळेवर पोचले होते.

आता सर पूर्वीसारखेच बाजारात दिसतात, पण त्यांचं काहीतरी बिनसलंय. एसटी तिरपी उभी असते आणि ते बाजूनं निघून जातात. परवा मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, सर, खरं सांगू का, कबड्डीत काही दम नाही, खरा खेळ क्रिकेटच. हे वाक्य कोणी त्यांच्यासमोर उच्चारलं असतं तर पूर्वी त्याची धडगत नव्हती. मी खांदे वर करून तयार बसलो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "असंल बे. ज्याचं त्याले."

मी घरी आलो. ताट समोर आलं, ते मी तसंच बाजूला सारलं. बायकोनं विचारलं, आता कशाचा राग आला तुम्हाला? म्हटलं, सरांना राग येत नाही याचा.