मिनोरीने फुंकर घातली नाही

जपानमधल्या मारुगामे गावातल्या आमच्या गल्लीत गरम उदोन फुंकून न खाणारी एकच बाई, आणि ती नेमकी उदोनच्याच दुकानात सून म्हणून आली. वाडग्यातल्या जाड शेवया पार निवेपर्यंत मिनोरी थांबायची. गिऱ्हाइकं हसायची. सर्वांत मोठ्याने तिची सासू हात्सुए हसायची.

मिनोरीच्या मेंदूच्या तळाशी मोठ्या रक्तवाहिन्या आवळत गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी केसासारख्या नाजूक वाहिन्यांचं जाळं उगवलं होतं. तपासणीच्या चित्रात ते धुरासारखं दिसतं, म्हणून त्या रोगाला आमच्याकडे मोयामोया म्हणतात, धूसर. शाळेत तोंडाने फुंकायची पेटी वाजवताना तिचा उजवा हात एकाएकी गळून पडला, तेव्हा कळलं. जोराने फुंकलं किंवा धापा टाकल्या की मेंदूला रक्त कमी पडतं. कळा सोसताना रक्तदाब चढला तर ते जाळं फुटूही शकतं. समोरच्या माझ्या सलूनमध्ये बसून मला एवढं समजलं. हात्सुएला समजलं नाही. समजून घेतलं असतं तर तिला गप्प बसावं लागलं असतं.

मिनोरीला दिवस राहिले. ताकामात्सुच्या मोठ्या इस्पितळाने तारीख दिली: भूल देऊन, पोट उघडून बाळ काढायचं. गल्लीत ही बातमी चोरीच्या बातमीसारखी पसरली.

"आयतं बाळ!" माझ्याकडे केस कापायला बसलेली हात्सुए आरशाला म्हणाली. "पोट दुखल्याशिवाय माया सुटते होय? ताइजोच्या वेळी मी दोन दिवस किंचाळत होते."

"तेव्हा उघडलेलं तोंड अजून मिटलं नाही तुमचं," मी म्हणाले.

तिला ती स्तुती वाटली.

ताइजो आईचंही ऐकायचा आणि बायकोचंही, म्हणजे कुणाचंच नाही. मागच्या खोलीत उदोनची घट्ट कणीक पायाने तुडवत उभा असायचा.

तारखेला आठवडा असताना, ऐन दुपारच्या गर्दीत मिनोरी पिठाच्या पोत्यावर बसली. कळा सुरू झाल्या होत्या. हात्सुएने झारा टाकला.

"चल, मिनोरी! ही, ही, फूऽ! ही, ही, फूऽ!"

गरोदर बायकांना शिकवतात तो श्वास. गल्लीत तो सगळ्यांना पाठ. तीन निवृत्त म्हातारे हातात जेवायच्या काड्या धरून फुंकू लागले, जन्मभर कळाच देत आल्यासारखे. मी कात्रीसकट धावले.

मिनोरीचं तोंड घट्ट मिटलेलं. ती नाकाने सावकाश श्वास घेत होती आणि उजव्या हाताची बोटं उघडून, मिटून पाहत होती.

"फुंक ना गं! लाजतेस कसली?"

"नाही फुंकणार, आई."

"हट्टी मेली! पोराचा जीव घेशील!"

"माझा जाईल, आई. तुम्ही फुंका. तुमचं काय जातंय?" मग आवाज न चढवता म्हणाली, "ताइजो, खाली उतर. रुग्णवाहिका बोलाव. ताकामात्सुलाच जायचं म्हणून सांग."

तो कणकेवरून उतरला. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं मला वाटतं.

मुलगी झाली. मिनोरीचे दोन्ही हात चालतात, जीभ तर अधिकच. दुसऱ्या कुणी नवस फेडला असता. हात्सुए दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होती, "नात गोड आहे. पण हिने पोट दुखवून घेतलं नाही हो. एकदा कण्हलीसुद्धा नाही."

मिनोरीने तिच्यासमोर वाफाळता वाडगा ठेवला. "फुंका, आई. तुम्हाला छान जमतं."

मग मुलीला मांडीवर घेऊन ती आपला वाडगा निवायची वाट पाहत बसली.