पाव्हण्याची दवंडी

“नेट गेलं” असं शैलाबाईंसमोर कुणी म्हणालं की त्या हातातलं काम थांबवायच्या. “नेट काय रुसून माहेरला गेलं व्हय? ते सोताहून जात न्हाई. त्येला कोन तरी घालवतं.” समोर ग्राहक असो नाहीतर खुद्द मालक, उत्तर हेच. उंब्रजच्या आमच्या ऑफिसात त्यांना भांडकुदळ म्हणत. पहिल्या आठवड्यात मीही म्हटलं होतं. त्याची आता लाज वाटते.

मी माण तालुक्यातली. मेंढरांमागं न जाता कॉलेजात गेलेली आमच्या घरातली पहिलीच. शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसाठी सहा महिने त्या कंपनीत होते. शिरवळपासून सांगलीपर्यंतच्या केबलवाल्यांना ही कंपनी इंटरनेट पुरवते आणि ते पुढे घरोघरी देतात. पन्नाशीच्या शैलाबाई तिथलं सगळं नेटवर्क सांभाळत. त्यांचे वडील फौजेत सिग्नलला, म्हणजे दळणवळणाच्या तुकडीत होते. शिस्त त्यांची आणि शिव्याही त्यांच्याच, असं त्या सांगत.

राउटिंगचा धडा कॉलेजात मी पाठ केला होता, समजला नव्हता. बाईंनी तो जेवता जेवता शिकवला.

“प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला दवंडी देतं, की ह्ये पत्ते माझ्याकडं हायेत, त्यांचा माल माझ्याकडं धाडा. शेजारी ऐकतो आन् पुढच्याला सांगतो. एवढ्यावर सारं जग चाललंय. मग घराघराची दवंडी द्यायची का गावाची एकच?”

“गावाची,” मी भीत भीत म्हणाले.

“व्हय. न्हाईतर जगातल्या मोठ्या राउटरना आपलं घर न् घर ध्यानात ठेवाय लागंल. आपल्या आळसाचं वझं लोकांनी का व्हायचं?”

एखादी लाइन सारखी पडायची आणि उठायची, तिला त्या ‘हाय-न्हाई’ म्हणत. घडीत हाय, घडीत न्हाई. तिच्यापायी सगळ्या राउटरना दर वेळी वाटा नव्याने शोधाव्या लागतात. अशी लाइन बाई काही वेळ सरळ गप्प बसवायच्या. शिवाय प्रत्येक केबलवाल्याच्या पत्त्यांची त्यांनी यादी लावली होती. यादीतल्या पत्त्यांचीच दवंडी आमचा राउटर ऐके, बाकीची दारातच अडे. सूट कुणालाच नव्हती.

कुंडलच्या बाजूचा एक केबलवाला मालकांचा मेहुणा होता. ऑफिसात सगळे त्याला पाव्हणं म्हणत. त्याने दुसऱ्या एका कंपनीचीही लाइन घेतली, आणि ही यादी त्याला झोंबू लागली. “नवा पत्ता टाकायचा म्हंजे बाईला अर्ज करायचा? घरच्या माणसाला दारात तपासता व्हय?”

मालक बाईंना म्हणाले, “बाई, आपलाच माणूस हाय. काढून टाका यादी.”

“आवं भाऊसाहेब, पाव्हण्याला पुरणपोळी घाला, आहेर करा. यादी न्हाई निघायची. राउटरला नातं कळत न्हाई.”

एका गुरुवारी बाई कामासाठी शिरवळला गेल्या आणि पाव्हणे ऑफिसात आले. मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. “बाईनं तिचं लॉगिन तुला दिलंय न्हवं? मग काढ की.” ते लॉगिन बाईंनी अडीअडचणीसाठी माझ्यावर विश्वासून दिलं होतं. “बाईंना विचारू का?” एवढंच मला म्हणायचं होतं. पण इंटर्नशिपच्या कागदावर मालकांची सही लागणार होती. मी यादी काढून टाकली. पाव्हणे म्हणाले, “हुशार हाय पोरगी.”

पाव्हण्यांच्या राउटरने दुसऱ्या कंपनीकडून ऐकलेली अख्ख्या जगाच्या पत्त्यांची दवंडी आमच्याकडे जशीच्या तशी दिली, आणि आमच्या राउटरने ती खरी मानली. शिरवळ ते सांगली सगळं इंटरनेट कुंडलच्या त्या बारीक लाइनीत घुसलं. लाइन गुदमरून पडली. पडल्यावर सगळं जुन्या वाटेने सुरू झालं. मग मोकळी झालेली लाइन उठली, तिने पुन्हा दवंडी दिली, पुन्हा सगळं तिकडे. दुपारभर हेच. कराडच्या एका केंद्रावर मुलांची ऑनलाइन परीक्षा अर्ध्यावर बंद पडली.

शिरवळहून बाईंचा फोन आला. “कोनाची दवंडी ऐकतोय आपन? बघ जरा.”

“बघते,” मी म्हणाले, आणि काहीच केलं नाही. मालक शेजारीच उभे होते.

बाई धावत आल्या, पाच मिनिटांत यादी परत लावली, मग मशीनमधल्या नोंदी उघडल्या. “सव्वाबाराला मी शिरवळात हुते. माझं लॉगिन हितं काय करत हुतं?” मी वाजणारा तक्रारीचा फोन उचलला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्या केबलवाल्यांना बोलावून सांगितलं, “आमच्या बाईंच्या हातून चूक झाली.” पाव्हणे पहिल्या रांगेत बसून चहा पीत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “बायकांच्या हातात मशीन दिलं की आसंच व्हायचं.” लोक हसले.

“माझ्या हातात हुतं तवर चालत हुतं,” बाई म्हणाल्या. “काल कुणाच्या हातात हुतं, ते ह्या पोरीला इचारा.”

सगळे माझ्याकडे वळले.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

बाईंनी त्याच दिवशी नोकरी सोडली. दुसरीकडे कुठेही काम मागायला गेल्या, की ‘नेट पाडणारी बाई’ हे नाव त्यांच्या आधी पोचलेलं असे. मालकांचा मला राग येतो, पण त्याहून त्या खोलीतल्या लोकांचा येतो. एकाचं खोटं सगळ्यांनी गावोगाव नेलं आणि एकानेही नोंदी बघायला मागितल्या नाहीत. आणि ती नोंद ज्या बोटांनी तयार झाली ती माझी होती, म्हणून सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो. बाई आता पलूसला एका दुकानात कॅमेरे दुरुस्त करतात.

मला कागदावर सही मिळाली, पदवीही मिळाली. आठ महिन्यांनी मी सगळं खरं लिहून एक प्रत मालकांना आणि एक बाईंना पाठवली. मालकांचं उत्तर आलं नाही. बाईंचा फोन आला.

“लिव्हलंयस ते खरं हाय. पर मला कशाला धाडलंस? मला ठावंच हुतं. त्या खोलीत बसल्याल्यांना सांग. एकेकाला.”

“बाई, माझं चुकलं.”

“व्हय, चुकलं.” त्यांनी फोन ठेवला.

आतापर्यंत तिघांशी बोलले आहे. दोघे म्हणाले, “जाऊ द्या, जुनं झालं.” तिसऱ्याने विचारलं, “मग तवा का गप बसलात?”

“भ्याले,” मी म्हणाले.

त्याने मोबाइल काढला. मग म्हणाला, “आमच्या केबलवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो ह्ये. तुमचं नाव घालू का?”

“घाला,” मी म्हणाले.