सुईनं गेलेली गाठ

माझ्या मुलीच्या मानेवर, उजव्या जबड्याखाली, जन्मापासून एक मऊ गाठ होती. तान्ही होती तेव्हा बोराएवढी. ती चालायला-बोलायला लागेपर्यंत लिंबाएवढी झाली, आणि सर्दी झाली की मोसंब्यासारखी फुगायची. दुखत नव्हती, खुपत नव्हती. मुलगी तिच्यासकट बहरीनच्या झिंज भागातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यावर उड्या मारत हिंडायची. त्रास होता तो बघणाऱ्यांना.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनिअर होता आणि मी चिपळूणहून लग्न करून थेट बहरीनला आलेली. तिथल्या मराठी घरांचं एक मंडळ होतं. गणपती, संक्रांत, कोजागरी, आणि उरलेल्या दिवसांत एकमेकांच्या घरात नाक खुपसणं असा त्याचा कार्यक्रम. या मंडळाच्या मुकुटमणी म्हणजे एका बँकेतल्या बड्या साहेबांच्या पत्नी. सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेलेही. पुण्याच्या होत्या आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत.

गाठीचं निदान त्यांनी पहिल्याच भेटीत केलं होतं. "ग्रहणात विळी हातात घेतली असशील."

"वहिनी, मी इथे आल्यापासून माझ्याकडे विळीच नाही. सुरीनं चिरते."

"तेच ते," वहिनी म्हणाल्या. विज्ञान असं ठाम असावं.

त्या वर्षी गणपतीत मुलांचा नाच बसवला होता त्यांनी. माझी लेक त्यात गोपी. रंगीत तालमीला वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "तिला जरा मागच्या रांगेत ठेवू या का? आणि गळ्याभोवती ओढणी गुंडाळ. फोटो निघतात ना, ते गावी जातात लोकांच्या."

मी लेकीला पुढच्याच रांगेत उभी केली, ओढणीशिवाय. नाच झाला, फोटो निघाले. ज्या ज्या गावी ते पोचले त्यांतलं एकही गाव अजून बुडालेलं नाही.

पण गाठ वाढत होती हे खरं होतं. म्हणून वार्षिक रजेत मुंबईला एका गाजलेल्या सर्जनला दाखवलं. या थोर माणसानं मुलीकडे जेमतेम बघितलं, आणि माझ्याकडे तर बघितलंच नाही. ते सगळं माझ्या नवऱ्याशी बोलत होते. बोटांनी गाठ दाबून म्हणाले, "पाण्याची गाठ आहे. कॅन्सर वगैरे नाही. कानापासून हनुवटीपर्यंत उघडून काढायची."

"चेहऱ्याला काही?" मी विचारलं.

"तिथून ओठाची नस जाते. थोडा ओठ वाकडा राहू शकतो," ते नवऱ्याला म्हणाले. "मग लग्नाच्या वेळी बघता येईल काहीतरी."

मुलीला अजून मराठीत दहापर्यंत आकडे येत नव्हते आणि हे तिच्या लग्नात जाऊन बसले. नवरा मात्र भारावून बाहेर पडला. मोठा डॉक्टर जितका कमी बोलतो तितका तो हुशार, अशी त्याची समजूत. मी म्हटलं, "अहो, ऑपरेशन करायचं तर पुढच्या रजेत करू. तोवर बहरीनमध्ये दुसरं मत घेऊ." तो हो म्हणाला, कारण शेवटचं बोलणारी मी होते.

राजधानीतल्या, मनामातल्या सरकारी इस्पितळात तेव्हा एक बहरीनी डॉक्टरीण नुकतीच परदेशातून मुलांची सर्जरी शिकून आली होती. आमच्या मंडळात एक पक्की श्रद्धा होती, की इथल्या लोकांना तेल आणि मोत्यांपलीकडे काही कळत नाही. त्यांच्याच देशात, त्यांच्याच पगारावर, त्यांच्याच एसीत बसून ही श्रद्धा जोपासली जायची. "अरब डॉक्टर? पोरीला?" वहिनींनी एवढंच म्हटलं, पण भुवया अशा वर नेल्या की खाली यायला वेळ लागला.

डॉक्टरिणीनं गाठीला हात लावण्याआधी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग खोलीतले दिवे घालवले, पडदा ओढला आणि एक छोटी बॅटरी गाठीला टेकवली. आख्खी गाठ आतून तांबूस उजळली, कंदिलासारखी. तिनं लेकीच्या हातात आरसा दिला.

"मम्मी, लुक! आय हॅव अ लाइट!" लेक ओरडली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

डॉक्टरीण माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलली, नवऱ्याशी इंग्रजीत, आणि दोघांना एकच सांगितलं. आत पाण्याच्या पिशव्या आहेत. जाड सुईनं पाणी काढायचं, त्याच वाटेनं औषध आत सोडायचं. औषधानं पिशव्यांच्या भिंती आतून चिकटतात आणि गाठ आक्रसत जाते. चिरायचं नाही. मात्र हे एका वेळेत होत नाही, प्रत्येक गाठीला लागू पडतही नाही. तिनं अशा मोजक्याच मुलांना केलं होतं, तेही लपवलं नाही. "नाही जमलं तर ऑपरेशन आहेच. जमेल, इंशाल्ला."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "इंशाल्ला म्हणजे काय ते गोदीत रोज बघतो मी. इंशाल्ला म्हणाले की तो स्पेअर पार्ट येत नाही."

"मुंबईवाल्यानं तर तेही म्हटलं नाही," मी म्हटलं.

लेकीला झोपेचं औषध देऊन पहिली सुई टोचली. सरबतासारखं पिवळसर पाणी निघालं, औषध आत गेलं, मानेवर पट्टीचा एक चौकोन घेऊन आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि गाठ लालबुंद होऊन होती त्याच्या दुप्पट सुजली. असं होईल हे डॉक्टरिणीनं आधीच सांगितलं होतं. तरी मी इस्पितळात फोन केला. ती स्वतः फोनवर आली. "औषध काम करतंय. श्वास कसा आहे? गिळते आहे का? त्यात काही वाटलं तर लगेच घेऊन या." श्वास नीट होता. लेक आइस्क्रीम मागत होती आणि गिळतही होती.

बातमी मंडळात पोचायला काय लागतं! संध्याकाळी वहिनी हॉर्लिक्सची बाटली घेऊन हजर. बिछान्याशी उभ्या राहून त्यांनी लेकीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. "मी सांगितलं होतं! सुईनं कधी गाठ जाते? प्रयोग करतात गं हे लोक आपल्या मुलांवर."

नवरा लगेच डळमळला. "मुंबईला ट्रंक कॉल लावू का?"

मी चहाचा कप वहिनींच्या हातात दिला. "वहिनी, चहा गार होतोय. पिऊन टाका आणि निघा. तिला झोपायचंय."

"मी काळजीनं आले होते," त्या म्हणाल्या.

"दिसलं मला."

चहा तसाच राहिला. नवऱ्याला मी सांगितलं, ट्रंक कॉल लावायचा तर लावा, पण मुंबईवाल्यांना मुलीचं नाव आठवतंय का तेवढं आधी विचारा. त्यानं फोन लावला नाही. त्या रात्री मात्र तो लेकीच्या पलंगाशी खुर्ची टाकून तिचा श्वास ऐकत बसला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

आठवड्याभरात सूज उतरली आणि पुढच्या महिन्यात गाठ पहिल्यांदा हाताला टणक आणि लहान लागली. मग आणखी काही सुया झाल्या. प्रत्येक वेळी तोच ताप, तीच सूज, आणि दर वेळी गाठ थोडी कमी. वर्ष सरता सरता बाहेरून काही दिसेनासं झालं. जबड्याखाली बोटानं चाचपलं तर थोडं जाडसर लागायचं, एवढंच. ओठ सरळच राहिला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी सगळ्यांसमोर लेकीची हनुवटी वर केली आणि जाहीर केलं, "बघा, मी गणपतीला नवस बोलले होते. कशी गेली गाठ!"

बायका माना डोलवू लागल्या. लेक शांतपणे म्हणाली, "इट वॉज द नीडल, आँटी."

एकीला ठसका लागला. वहिनींनी घाईघाईनं लेकीच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोल, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

शेवटच्या तपासणीला मी बेसनाचे लाडू करून डब्यातून नेले. डॉक्टरिणीनं एक तिथल्या तिथे खाल्ला, बोटं चाटली, पुन्हा तळवे घासून लेकीची मान दोन्ही बाजूंनी चाचपली. मोठ्या सर्दीत थोडी सूज येऊ शकते, घाबरू नका, म्हणाली. पुढे एकदा आलीही, आणि आपोआप ओसरली. दाराशी आल्यावर लेकीनं विचारलं, पुन्हा कधी यायचं? "मला भेटायला कधीही ये," डॉक्टरीण हसून म्हणाली. "मानेसाठी नको."

डबा तिनं ठेवून घेतला.